ब्लॉकचेन आली तर आमची कन्व्हेयन्सची फाईल हलेल का?

मुलुंडचा_सचिव | सोमवार, रात्री 9.52

मंडळी, आमची सोसायटी जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की येणारा प्रत्येक विकासक चहा यायच्या आत विचारतो, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं) झालंय का? झालेलं नाही. मिळकत पत्रिकेवर जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर. बिल्डर वारला, त्याच्या फर्मचे भागीदार कुठे असतात ते कुणालाच ठाऊक नाही. आता डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घ्यायला, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचाय आणि कागद गोळा करता करता नाकी नऊ आलेत. कुणाकडे पहिल्या खरेदीचा करारनामाच नाही, कुणाच्या चेनमधला (एकामागून एक झालेल्या खरेदीच्या करारांतला) मधलाच करार नुसत्या स्टॅम्प पेपरवर, नोंदणीच केलेली नाही. एका आजींनी ओरिजिनल करार लॅमिनेट करून ठेवलाय.

परवाच्या सर्वसाधारण सभेत एका सभासदाच्या मुलाने उभं राहून सांगितलं की हे सगळं ब्लॉकचेनवर असतं तर ही वेळच आली नसती. एस्टोनियात झालंय, जॉर्जियात झालंय, दुबईत झालंय. सभेने माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता आणि दहा वाजत आले होते.

आता शांतपणे विचारतो. ही चीज नेमकं काय करते? आणि आमच्यासारख्यांच्या सरकारी कामात तिचा उपयोग कुठे? ज्यांनी यात हात घातलाय त्यांनी लिहा. क्रिप्टोत पैसे टाकावेत का, यावर चर्चा करायची असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

खवचट | सोमवार, रात्री 10.05

खुर्ची टाकून बसलोय. 'पारदर्शकता' हा शब्द पहिल्यांदा जो लिहील त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा.

हॅशबहाद्दर | सोमवार, रात्री 11.31

हात घातलाय, म्हणून लिहितो. ऐरोलीत एका कंपनीत याच कामावर दोन-अडीच वर्षं होतो.

आधी यातलं खरं काम कोण करतं ते. कुठलीही फाईल घ्या, पीडीएफ असो की फोटो. एक ठरलेलं गणित लावलं की तिची 64 अक्षरांची खूण निघते, तिला हॅश म्हणतात. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खी खूण बदलते, आणि खुणेवरून मागे फाईल तयार करता येत नाही. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीची खूण घातली, तर मागची एखादी नोंद गुपचूप बदलायला गेल्यावर तिथून पुढच्या सगळ्या खुणा चुकतात. त्यात ही वही एकाच्या कपाटात न ठेवता अनेकांकडे एकसारखी ठेवली, म्हणजे झाली ब्लॉकचेन. बाकीची भानगड, म्हणजे नवी नोंद सगळ्यांनी मान्य कशी करायची, ती महत्त्वाची आहे पण तुमच्या प्रश्नाला लागत नाही.

कल्पना बिटकॉइनच्या बरीच आधीची. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी 1991 मध्ये कागदपत्रांवर बदलता न येणारा तारखेचा शिक्का कसा मारायचा ते मांडलं. पुढे 1995 पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्याची एकत्रित खूण चक्क न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. सचिवसाहेब, आपल्याकडे वकील टायटल तपासताना वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, 'चौदा दिवसांत हरकत कळवा' वाली, तसंच काहीसं. एकदा हजारो घरांत पेपर गेला की ती तारीख कुणाला मागे सरकवता येत नाही.

आता सरकारी वापर. दोन जाती आहेत. एक सार्वजनिक साखळी, जिच्यात कुणीही सामील होतो. 2022 मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या अशा साखळीवर नोंदवायचा प्रयोग झाला. दुसरी परवानगीची साखळी, जिथे ठरावीक संस्थाच वही सांभाळतात. केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये 'विश्वस्य' नावाची व्यवस्था आणली ती या जातीची. एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबादच्या डेटा सेंटरांत ती चालते.

खवचट | सोमवार, रात्री 11.40

म्हणजे तीन शहरांत तीन वह्या, आणि तिन्हींवर एनआयसीचंच कुलूप? मग यात कोण कुणावर अविश्वास दाखवतंय?

हॅशबहाद्दर | सोमवार, रात्री 11.44

हा प्रश्न आमच्या ऑफिसात विचारला की सगळे कॉफी आणायला उठायचे. सर्व्हर फोडणाऱ्या बाहेरच्या माणसापासून संरक्षण मिळतं, एखाद्या सेंटरमधल्या एकट्यादुकट्या कर्मचाऱ्याने गडबड केली तर तीही पकडता येते. पण मालकच ठरवून काही करणार असेल, तर तीन प्रती त्याच्याच आहेत.

निवृत्त_लिपिक | मंगळवार, सकाळी 7.15

नोंदणी खात्यात नोकरी झाली, म्हणून थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

सचिवसाहेब, तुमच्या सभासदाच्या चिरंजीवांना एक मूलभूत गोष्ट सांगा. 1908 च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी नाही. समोर आलेली माणसं कोण आहेत, त्यांनी सही केल्याची कबुली दिली का, मुद्रांक शुल्क पुरेसं आहे का, हे तो बघतो. विकणाऱ्याकडे विकण्यासारखं काही आहे का, याचा निवाडा करणं त्याचं काम नाही, ते कोर्टाचं. म्हणून तर तुम्हाला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुने व्यवहार तपासल्याचा अहवाल) लागतो.

आणि वेळेचे शिक्के म्हणाल, तर तेही आहेत. घरात कुठलाही अलीकडचा नोंदवलेला करार असेल तर शेवटची पानं काढा. 'दस्त गोषवारा भाग 2' दिसेल. शिक्का क्रमांक 1 ची वेळ, 2 ची वेळ, 3 ची वेळ, 4 ची वेळ. दस्त कधी सादर झाला, फी कधी भरली, कबुली कधी दिली, ओळख कधी पटवली, सगळं तास-मिनिट-सेकंदासकट. पक्षकारांचे फोटो, अंगठे. चलन ऑनलाइन डिफेस केलेलं, म्हणजे तेच चलन दुसऱ्या दस्ताला लावता येत नाही. तेलगी प्रकरणाने खात्याला चांगलाच धडा दिला होता, त्यानंतर हळूहळू हे सगळं आलं. खोट्या स्टॅम्प पेपरांचा धंदा मुंबईत त्यामुळे बसला.

पण फसवणूक कशी होते? मालक म्हणून भलताच माणूस उभा राहतो. आधार दुसऱ्याचं, फोटो याचा. ओळख द्यायला आलेले दोन साक्षीदार बाहेर एजंटच्या टेबलापाशी अर्ध्या तासापूर्वी भेटलेले. यंत्रणा बिनचूक वेळ टाकते, फोटो घेते, अंगठा घेते, आणि भामट्याच्या अंगठ्याची नोंद कायमची सुरक्षित होते. तुमची साखळी या ठिकाणी काय करेल? तीच नोंद आणखी पक्की करेल.

दुसरं. 'मागची नोंद पुसता येत नाही' याचं फार कौतुक चाललंय. सात-बारावर जुनं नाव कधी पुसत नाहीत. कंस करतात, शेजारी फेरफार क्रमांक लिहितात. फेरफाराच्या वहीत कारण, तारीख, मंजूर करणाऱ्याची सही. व्यवस्था जुनीच आहे. खोटे फेरफार झाले ते नियम नव्हता म्हणून नाहीत, सही करणाऱ्याने डोळे मिटले म्हणून.

आणि आजींच्या लॅमिनेट केलेल्या करारावर अडून बसू नका. तो नोंदवलेला असेल तर दस्त क्रमांक आणि वर्ष शोधा आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत घ्या. जुना असेल तर वेळ लागेल. एके काळी मुंबईतले दस्त फोटो काढायला पुण्याला जायचे, काही बराच काळ तिकडेच असायचे.

मुलुंडचा_सचिव | मंगळवार, सकाळी 9.20

काका, दंडवत. म्हणजे आमची अडचण जी आहे, बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही, ती कुठल्याच वहीची अडचण नाही. वही बरोबर आहे. तिच्यात जमीन मूळ मालकाची आहे असं लिहिलंय आणि ते खरंच आहे!

निवृत्त_लिपिक | मंगळवार, सकाळी 9.48

अगदी बरोबर. मुंबईत लाखो फ्लॅटवाल्यांचं नाव मिळकत पत्रिकेवर कुठेच नसतं. तुमच्याकडे करार असतो, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) असतो, शेअर सर्टिफिकेट असतं, पालिकेचं बिल येतं. हे चार कागद चार ठिकाणचे आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

कलम_तेवीस | मंगळवार, दुपारी 1.10

वकिलीच्या बाजूने.

डीम्ड कन्व्हेयन्स मोफा (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा) या कायद्याच्या कलम 11 खाली मिळतं, कारण बिल्डरने कर्तव्य केलं नाही म्हणून सक्षम प्राधिकारी त्याच्या जागी ते करतो. त्यात समोरच्याला नोटीस, सुनावणी, हरकती आल्या. ही माणसांची कामं आहेत. सचिवसाहेब, नोंदणी न केलेल्या मधल्या कराराबद्दल मात्र तुमच्या वकिलाशी नीट बोला. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला आणायचा असतो, तो काळ कधीच गेला. घोषणापत्र, पुष्टीचा दस्त, तूट मुद्रांक आणि दंड, यातलं काय चालेल ते कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

हॅशची गोष्ट कायद्यात आलेली आहे, हे मात्र लोकांना माहीत नसतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅश लिहायचा रकाना आहे. कुठल्या पद्धतीने काढला तेही लिहायचं. साधा व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट दाखल करतानाही आता अशिलाला समजावून सांगावं लागतं. म्हणजे हॅशबहाद्दर म्हणतात त्यातला कामाचा अर्धा भाग ब्लॉकचेनशिवायच कोर्टात पोचलाय.

न पुसता येणाऱ्या वहीची मला उलटी भीती वाटते. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा आणि काही परिस्थितीत काढून टाकायचा हक्क आहे. दत्तक प्रकरणात जन्मदाखला बदलतो. कोर्ट एखादा दस्त रद्दबातल ठरवतं. तिथे सार्वजनिक साखळीवर माहितीच टाकून बसलात तर काय करणार?

हॅशबहाद्दर | मंगळवार, दुपारी 3.26

म्हणून माहिती साखळीवर टाकायचीच नसते, खूण टाकायची. पण तिथेही लोक घसरतात. एका प्रस्तावात मी बघितलं होतं, आधार क्रमांकाची नुसती खूण साखळीवर. वर टीप, 'माहिती सुरक्षित'. आधारचे आकडे बारा. शेवटचा तपासणीचा, पहिला शून्य किंवा एक नसतो. उरतात काही हजार कोटी शक्यता. चांगल्या ग्राफिक कार्डाला सगळ्यांच्या खुणा काढून जुळवून बघायला मिनिटभर पुरे. खूण काढण्याआधी क्रमांकात गुप्त भेसळ (फक्त आपल्यालाच माहीत असलेली अक्षरं) मिसळली नाही तर ती खूण म्हणजे आधार क्रमांकच उघडा ठेवल्यासारखं.

परदेशी उदाहरणांचंही सांगून टाकतो, कारण सभेत सगळ्यात जोर तिथेच होता.

एस्टोनियाची कीर्ती आहे ती एक्स-रोडची. सरकारी खाती एकमेकांकडून माहिती थेट मागतात, नागरिकाकडे तोच कागद पुन्हा मागत नाहीत. ही व्यवस्था 2001 ची आणि ती ब्लॉकचेन नव्हे. 2007 मध्ये त्यांच्यावर मोठा सायबर हल्ला झाला, त्यानंतर नोंदींमध्ये कुणी हात घातला तर कळावं म्हणून गार्डटाइम कंपनीचं हॅशसाखळीचं तंत्र 2012 पासून काही नोंदवह्यांवर चढवलं. म्हणजे आधी घर, मग कुलूप. जॉर्जियातही तसंच. 2004 पासून जमीन नोंदणीचं अख्खं खातं नव्याने उभं केलं, कामं झटपट आणि चिरीमिरीशिवाय होऊ लागली, आणि बिटफ्युरी कंपनीबरोबरची ब्लॉकचेन 2016 ला आली. तिथे नोंदींच्या खुणा बिटकॉइनच्या साखळीत अडकवल्या. उलटं उदाहरण होंडुरासचं. 2015 मध्ये जमिनीच्या नोंदी ब्लॉकचेनवर आणायची घोषणा झाली, जगभर बातम्या आल्या आणि काम तिथेच थांबलं. सभांमध्ये या देशाचं नाव कुणी घेत नाही.

दादर_क्लासवाला | मंगळवार, संध्याकाळी 6.02

सगळे जमिनीवरच अडकलेत. भारतात ब्लॉकचेनचा सरकारी हुकमाने झालेला भला मोठा वापर तुमच्या खिशात आहे की. एसएमएस!

माझा छोटा क्लास आहे. पालकांना 'आज बॅच नाही' एवढा मेसेज गठ्ठ्याने पाठवायचा तर आधी डीएलटीवर (अनेकांनी मिळून ठेवलेली वही, ब्लॉकचेनचाच प्रकार) नोंदणी करा. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांनी आलेली ही साखळी. सगळ्या मोबाइल कंपन्या मिळून एक वही ठेवतात: पाठवणारा कोण, त्याचं सहा अक्षरी नाव काय, मेसेजचा मंजूर साचा कुठला. पाठवलेला मेसेज साच्याशी जुळला नाही तर तो पुढे जातच नाही. माझा पहिला साचा नाकारला गेला, कारण बदलत्या शब्दांच्या जागा मी जास्त ठेवल्या होत्या. नंतर 'प्रिय पालक' च्या पुढे नेमकं काय येणार ते ठरवताना मला कविता करतोय असं वाटायला लागलं.

8 मार्च 2021 आठवतोय? त्या दिवशी साचे जुळवून बघायची सक्ती सुरू झाली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. बँकांनी साचे नीट नोंदवलेच नव्हते. शेवटी ट्रायने आठवडाभर सक्ती स्थगित केली.

आता सांगा, तुम्हाला कर्जाचे आणि लॉटरीचे मेसेज यायचे थांबले का? ते दहा आकडी साध्या नंबरांवरून येतात. म्हणजे वहीत नाव असलेल्या मला कविता करायला लावली आणि चोर वहीच्या बाहेरून गेला.

हॅशबहाद्दर | मंगळवार, संध्याकाळी 6.40

उदाहरण एकदम सही. पण एक गोष्ट कबूल करायला हवी, तिथे ब्लॉकचेनला जागा होती. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या कंपन्यांना एकच यादी ठेवायची होती आणि ती कुणा एकीच्या हातात द्यायला बाकीच्या तयार नव्हत्या. हे तंत्र त्यासाठीच आहे. सरकारचं एकच खातं स्वतःपुरती वही ठेवतंय, तिथे चांगला डेटाबेस, डिजिटल सही आणि कोणी काय बदललं याची नोंद एवढं पुरतं.

नकाशे | मंगळवार, रात्री 10.17

वास्तुविशारद आहे. मला एक जागा दिसते, तपासून सांगा.

टीडीआर, म्हणजे दुसरीकडे नेता येणारा बांधकामाचा हक्क. मुंबईत 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून आहे. आरक्षित भूखंड पालिकेला दिला की पैशांऐवजी बांधकामाचा हक्क मिळतो, त्याचं प्रमाणपत्र म्हणजे डीआरसी. हा हक्क विकता येतो, तोडून तोडून वापरता येतो. एक डीआरसी तीन विकासक घेतात, कुणी चारशे चौरस मीटर इथे लावतो, कुणी दोनशे तिथे. प्रत्येक वापराच्या वेळी प्रमाणपत्रावर किती क्षेत्र वापरलं ते आकड्यात आणि अक्षरात लिहून आयुक्तांची नोंद व्हायची, असा नियमच होता.

हे जमिनीसारखं नाही. जमीन खरोखर कुठेतरी असते, तिच्यावर कुणी कुंपण घालून बसतो. टीडीआर फक्त नोंदीतच असतो. तो पालिकेनेच जन्माला घालायचा, मधे बाजारात फिरायचा आणि पालिकेच्याच नकाशामंजुरीत संपायचा. तोच तुकडा दोनदा वापरला जाऊ नये ही एवढी एकच चिंता, आणि बिटकॉइन त्याच चिंतेतून निघालं म्हणतात. भावही विकासकांना फोनाफोनी करून कळतो, दलालाला विचारल्याशिवाय कुणाकडे किती शिल्लक आहे त्याचा पत्ता नसतो. अख्खी शिल्लक, हस्तांतरं, वापर सगळं उघड्या साखळीवर ठेवलं तर दलाल सोडून कुणाचं काय बिघडेल?

कलम_तेवीस | मंगळवार, रात्री 10.45

हे मला आवडलं. चोरीला गेलेला डीआरसी, कोर्टाची स्थगिती, वारसांचे वाद, हे मात्र तिथेही येणारच. साखळीवरची गुप्त किल्ली (पासवर्डसारखी) हरवली म्हणून कोट्यवधींचा टीडीआर गोठला, असं अशील घेऊन कुणी माझ्याकडे येऊ नये म्हणजे झालं. शेवटचा शब्द पालिकेकडे ठेवावाच लागेल.

हॅशबहाद्दर | मंगळवार, रात्री 11.02

आणि शेवटचा शब्द पालिकेकडे असला की मग साधा डेटाबेस आणि उघडं संकेतस्थळ का नको, हा प्रश्न पुन्हा येतो. तरी मी म्हणेन की या धाग्यात आतापर्यंत आलेली ही सगळ्यात दमदार जागा. रोज रात्री सगळ्या शिलकेची एक खूण बाहेर जाहीर केली तरी अर्धी लढाई झाली.

पागडीवाली | बुधवार, सकाळी 11.30

सगळं वाचलं. आमच्याकडे करार नाही, इंडेक्स नाही, काही नाही. गिरगावात पागडीची खोली, भाडेपावती सासऱ्यांच्या नावाने. ते जाऊन खूप वर्षं झाली. मालक नाव बदलून देत नाही, पावती मात्र फाडतो. खवचटराव, यावर कुठली साखळी लावायची ते तुम्हीच सांगा.

नणंद झोपडपट्टी पुनर्वसनात आहे. तिथे सगळं नशीब परिशिष्ट-2 मध्ये (झोपडीधारकांच्या पात्रतेच्या यादीत) नाव पात्र म्हणून येतंय की अपात्र म्हणून, यावर. फुकट घर हवं तर 1 जानेवारी 2000 च्या आधीचा पुरावा हवा. मतदार यादीतलं नाव, जुनं लाइटबिल, फोटोपास. ज्यांनी कागद ट्रंकेत जपले ते तरले, ज्यांच्या खोलीत 26 जुलैचं पाणी शिरलं त्यांनी काय करायचं? नवीन यंत्रणा फक्त नव्या कागदाची काळजी घेते.

पण मी वेगळ्याच गोष्टीसाठी लिहायला बसले. तुम्ही सगळे आमचे कागद कसे पक्के करायचे ते बोलताय. दाखला खरा आहे का, करार खरा आहे का. सरकारला आमच्यावर भरवसा नाही, ठीक. आमचा त्यांच्या तारखांवर नाही, त्याचं काय?

मी बचत गटातल्या बायकांचे अर्ज भरून देते. खिडकीवर अर्ज दिला की कधी आवक क्रमांक मिळतो, कधी कोपऱ्यावर नुसती गिरगोटी सही. महिन्याने गेलं की 'तुमचा अर्ज आलाच नाही' किंवा 'त्रुटी निघाली होती, नव्याने करा'. नव्याने केला की मुदत नव्याने सुरू. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, ठरलेल्या दिवसांत सेवा द्यायची, नाहीतर अपील. पण दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे ते त्यांच्याच वहीत. ती आवक वही न बदलणारी करा आधी. फाईल कुठल्या टेबलावर कधी आली, कधी गेली, त्रुटी कुणी काढली, कधी काढली. माझ्या सासऱ्यांची भाडेपावती साखळीवर नको मला. साहेबाच्या टेबलाची तारीख हवी.

खवचट | बुधवार, सकाळी 11.41

ताई, नमस्कार करतो. खवचटपणा आज बंद.

निवृत्त_लिपिक | बुधवार, दुपारी 12.20

ताई, बोचलं, पण खरं आहे. कार्यालयात आवक बारनिशी नावाची वही असते. रोज सकाळी टपाल येतं, क्रमांक पडतो, संबंधित टेबलाकडे जातं. तारीख मागेपुढे करायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. दिवसाच्या शेवटी दोन-तीन ओळी कोऱ्या सोडायच्या. पुढे कुणाचा अर्ज मागच्या तारखेला बसवायचा झाला तर जागा तयार. मी पाहिलंय, नाव-गाव सांगणार नाही.

आता ई-ऑफिसमुळे बरीच टेबलं संगणकावर गेली, त्यामुळे कोरी ओळ सोडता येत नाही. पण 'स्कॅन करायचं राहिलं' ही सबब नव्याने जन्माला आली.

आणि 21 जून 2012 ची मंत्रालयाची आग विसरू नका. किती नस्त्या (फायली) जळाल्या. त्यानंतर वर्षानुवर्षं 'आगीत गेली' हे उत्तर ऐकू यायचं. या साखळीने ते तरी थांबलं असतं का?

हॅशबहाद्दर | बुधवार, दुपारी 2.08

नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण विकणारे सांगत नाहीत. खूण म्हणजे प्रत नव्हे. नस्ती जळाली तर साखळीवरच्या 64 अक्षरांतून एक ओळही परत मिळत नाही. त्यासाठी स्कॅन करून दोन-तीन शहरांत प्रती ठेवाव्या लागतात, तो वेगळा खर्च. खूण एवढंच करेल, की नंतर कुणी 'ही बघा सापडली' म्हणून भलतीच नस्ती आणली तर ती भलती आहे हे कळेल.

पण ताईंच्या आवक वहीला हे तंत्र हातमोज्यासारखं बसतं आणि खर्चही फार नाही. अर्ज दिल्यावर क्यूआर असलेली पोच फोनवर. प्रत्येक वॉर्डातल्या दिवसभराच्या आवकेची रात्री एकच खूण काढायची आणि कार्यालयाच्या हातात नसलेल्या ठिकाणी ठेवायची. सार्वजनिक साखळी चालेल, वर्तमानपत्र चालेल, राजपत्रात दर आठवड्याला छापली तरी चालेल. दुसऱ्या दिवशी कुणी मागच्या तारखेला अर्ज घुसवला किंवा काढला तर खूण जुळणार नाही. नागरिकाला नाव-पत्ता उघड करावा लागत नाही. यासाठी ना टोकन (क्रिप्टोचं नाणं) लागतं, ना मोठा ठेका.

नकाशे | बुधवार, दुपारी 2.31

मोठा ठेका लागत नाही, म्हणून होणार नाही.

कलम_तेवीस | बुधवार, दुपारी 2.50

अपिलात मला अशी पोच मिळाली तर अर्धा युक्तिवाद वाचेल. सध्या पहिली सुनावणी 'अर्ज नेमका कधी दिला' यातच जाते.

निवृत्त_लिपिक | बुधवार, संध्याकाळी 5.05

एक शंका. वहीत आलेला अर्ज मागेपुढे करता येणार नाही, मान्य. पण अर्ज वहीत घ्यायचाच नाही असं ठरवलं तर? 'साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या.' 'यासोबत शपथपत्र लावा, मग घेतो.' निम्म्या अर्जांचं भवितव्य खिडकीच्या अलीकडेच ठरतं. तिथे हॅश कशाची काढणार?

हॅशबहाद्दर | बुधवार, संध्याकाळी 5.22

याला माझ्याकडे उत्तर नाही, काका. अर्ज ऑनलाइनच घ्यायचा म्हटलं तर ताईंच्या गटातल्या निम्म्या बायका सेतूवाल्याकडे पैसे मोजून भरतील.

पागडीवाली | बुधवार, संध्याकाळी 5.40

आत्ताही मोजतातच.

कलम_तेवीस | बुधवार, संध्याकाळी 6.15

ताई, खिडकीवर घेत नसतील तर हुज्जत घालू नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एक स्पीड पोस्टाने कार्यालय प्रमुखाच्या पदनामाने पाठवा. पाकिटावर बाहेरून विषय लिहा, म्हणजे 'पाकिटात कोरा कागद होता' असं म्हणणं अवघड जातं. पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगचं पान दुसऱ्या प्रतीला टाचा. मुदत पोचल्याच्या तारखेपासून मोजा आणि ती संपली की दुसऱ्याच दिवशी पहिलं अपील करा. अपिलाचा नमुना हवा असेल तर व्यक्तिगत संदेश करा, पाठवते.